रत्नागिरी एका दिवसात, पायी: चढ रिक्षाला, उतार पायांना

रत्नागिरीला येणारे पुष्कळ जण रत्नागिरी बघतच नाहीत. गणपतीपुळ्याला जाताना एस.टी. स्टँडवर चहा घेतात, परत येताना आंबापोळीची पाकिटं उचलतात आणि गाडीत बसतात. ज्यांना थोडी फुरसत असते ते गाडी करून थिबा राजवाडा, किल्ला, मांडवी अशा तीन ठिकाणी उतरून फोटो काढतात. या तीन ठिकाणांच्या मधलं शहर काचेतून निघून जातं.

हे शहर चालत बघायचं आहे. २०११ च्या जनगणनेत वस्ती शहाहत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मानाने एखादा वॉर्ड. पण मुंबई-ठाण्याच्या खालच्या कोकणात जिल्ह्याची कचेरी, कोर्ट, जेल, कॉलेजं, मोठं मासेमारी बंदर आणि एका परदेशी राजाचा वाडा एवढं सगळं चालण्याच्या टप्प्यात असलेलं दुसरं गाव नाही. नीट आखलंत तर सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर चालणं होतं. आजीआजोबांना घेऊन येत असाल तर यातलं निम्मं करा, त्याचीही सोय पुढे सांगतो.

आधी शहराचा उतार समजून घ्या

नकाशात रत्नागिरी सपाट दिसते. प्रत्यक्षात ती जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, समुद्राकडे उतरत जाते. वर मारुती मंदिर, माळनाका आणि थिबा राजवाड्याचा भाग. खाली मांडवी, मिरकरवाडा, राजीवडा. मधल्या उतारावर बाजार आणि जुन्या आळ्या. शिवाय समुद्रात घुसलेल्या टेकडीवर रत्नदुर्ग, तो आणखी वेगळा चढ. नवखा माणूस सकाळी उत्साहात खालून वर चालायला लागतो आणि अकराच्या उन्हात, घामाने भिजून, कुठल्यातरी रसवंतीत बसून दिवस संपवतो. कोकणातली हवा दमट असते. तापमान बत्तीसच असलं तरी घाम वाळत नाही, म्हणून दमायला होतं.

माझा नियम एकच आहे: चढ दिसला की रिक्षा, उतार दिसला की पाय. दिवसभरात दोनच चढ रिक्षाने करायचे, एक सकाळी किल्ल्याचा आणि एक दुपारी राजवाड्याचा. पैसे तिथे खर्च करा, बाकी कुठे फारसे लागत नाहीत. भाडं बसण्याआधी ठरवून घ्या.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात बरं. एप्रिल-मे आंब्याचे महिने, पण तेव्हा दुपारचं चालणं विसरा. जून ते सप्टेंबर इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसातला जवळजवळ सगळा पाऊस पडतो. पावसात शहर सुंदर दिसतं हे खरं, मात्र जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. आलातच तर किल्ल्याच्या तटावर चढू नका. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर बघण्यात अर्थ नाही.

वार बघताना सोमवार टाळा. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. मोबाईलवर तक्ते मिळतात, पण किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब त्याहून सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चारच्या पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. तिथून सहा तासांनी ओहोटी. दोन्ही पक्षांत हाच हिशोब चालतो. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती येते, म्हणजे सूर्यास्ताला किनाऱ्यावर चालायला वाळू थोडीच उरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी मिळते आणि खाडीपलीकडच्या भाट्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ऐसपैस उघडी पडते. किनारा हेच तुमचं मुख्य आकर्षण असेल तर तारीख ठरवताना कालनिर्णय काढाच.

बरोबर काय घ्यायचं

मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट, टोपी, पाण्याची बाटली, एक पंचा. सुटे पैसे ठेवा, मासळीवाल्या मावशींना पाचशेची नोट दाखवणं बरं दिसत नाही. पाठीवर एकच पिशवी. मोठं सामान असेल तर ते लॉजवर किंवा ओळखीच्या घरी टाकूनच निघा, बॅगा ओढत हे शहर चालता येत नाही.

चिपळूण, देवरूख, लांजा, राजापूर किंवा आंबा घाट उतरून कोल्हापूरकडून येणाऱ्यांना एस.टी. सरळ शहराच्या मध्यावर आणून सोडते. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, स्टेशन शहरात नाही. ते कुवारबावच्या बाजूला, पाच-सहा किलोमीटर बाहेर आहे. तिथून रिक्षा घ्या किंवा एस.टी.ची शहर बस. हे अंतर चालण्यात काहीही मजा नाही. मुंबईकरांना रात्रीची कोकणकन्या सोयीची, ती पहाटे पोचवते.

पहिला टप्पा: रत्नदुर्ग, उन्हाच्या आधी

साडेसहाला स्टँडच्या आसपास चहा आणि गरम काहीतरी पोटात टाका. मिसळीचा मोह आवरा, किल्ला चढताना ती आठवत राहते. मग रिक्षावाल्याला ‘भगवती किल्ला’ सांगा. कागदावर रत्नदुर्ग असला तरी गावात भगवतीच म्हणतात. रिक्षा पायऱ्यांच्या तोंडापर्यंत जाते. सातच्या आसपास पोचलात तर तट तुमचाच.

किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, तीन बाजूंनी समुद्र. भगवती देवीचं देऊळ बालेकिल्ल्यात. आधी दर्शन घ्या, मग देवळाबाहेर येऊन तटावरून फेरी धरा. बुरुजांची नावं विचारत जा: वेताळ, खमक्या, मारक्या, रेडे. नाव ठेवणाऱ्यांना तोफांचा स्वभाव माहीत होता. तटाची उंची समुद्राच्या बाजूला चांगलीच आहे आणि सगळीकडे कठडे नाहीत. लहान मुलांचा हात सोडू नका, सेल्फीसाठी मागे सरकू नका.

तटावरून दोन्हीकडचे किनारे बघा. एका अंगाला मिऱ्याच्या दिशेने पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. पाणी तेच, वाळू वेगळी. मांडवीकडच्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोह आणि टायटॅनियमची जड, काळी खनिजं आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्यांनी ती समुद्रात आणली आणि लाटांनी निवडून किनाऱ्याला लावली. एका टेकडीच्या दोन बाजूंना दोन रंगांचे किनारे एका नजरेत दिसतात, ते इथूनच.

दीपगृह किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला, सिद्धा बुरुजावर आहे. सकाळी ते आतून बघायला मिळेलच असं नाही. तरी त्या टोकापर्यंत जा, कारण तिथून खाली मिरकरवाड्याचं बंदर पूर्ण दिसतं: धक्का, झेंडे लावलेल्या नौका, त्यांच्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. पुढे कुठे जायचं आहे ते वरून बघून घेतलं की खाली वाट चुकत नाही.

किल्ल्याला दीड तास द्या. साडेआठ-पावणेनऊला उतरायला लागा, पायी.

मिरकरवाडा: नाक घट्ट, डोळे उघडे

या टप्प्याबद्दल लोकांची दोन मतं असतात. वासाने ज्यांना मळमळतं त्यांनी सरळ मांडवी गाठावी, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांनी मात्र अर्धा तास काढाच, कारण रत्नागिरीचा पैसा आंब्याइतकाच या धक्क्यावरून येतो.

सकाळी नौका लागलेल्या असतात. टोपल्या भरून मासळी उतरते, बर्फाच्या लाद्या फुटतात, लिलाव चालू असतो. बांगडा, तारली, सुरमई, म्हाकूळ, कोळंबी, सगळं हंगामाप्रमाणे. चालताना बाजूला राहा. डोक्यावर टोपली घेतलेला माणूस तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबूही नये. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ एवढ्यावर बहुतेक वेळा हसून होकार येतो. न विचारता मोबाईल रोखलात तर जे ऐकावं लागेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

धक्क्यावरचा लिलाव व्यापाऱ्यांसाठी असतो. तुम्हाला दोन वाटे घ्यायचे असतील तर बाजारातल्या मावशींकडे घ्या, आणि तेही शेवटी. दिवसभर पिशवीत मासळी घेऊन टिळकांच्या घरात जाऊ नका.

मांडवी आणि तिथून वर

मिरकरवाड्यातून किनाऱ्याच्या अंगाने चालत मांडवीला या. जेटीवर जाऊन उभे राहा. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्याआधी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच जायचं, आणि चाकरमानी अशा बंदरांतूनच ये-जा करत. सकाळी इथे फार काही नसतं. भेळ, गोळे, गर्दी हे सगळं संध्याकाळी. काळी वाळू हातात घेऊन बघा, जड लागते. उन्हात तापली की अनवाणी चालवत नाही.

दहाला मांडवी सोडा. आता शहर हळूहळू चढत जातं, पण हा चढ सौम्य आहे आणि वाटेत थांबायला कारणं पुष्कळ आहेत. पहिलं कारण खालच्या आळीतलं श्री देव भैरीचं देऊळ, रत्नागिरीचं ग्रामदैवत. आवारात पाच मिनिटं बसा. शिमग्यात याच भैरीची पालखी बाहेर पडते आणि त्या दिवसांत शहराची सगळी कामं पालखीच्या वेळापत्रकाने चालतात. त्या काळात येत असाल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पालखीमागून चाला.

मत्स्यालयाची आवड असेल तर झाडगाव भागात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. नसतील तर बाजाराला जास्त वेळ द्या.

बाजार आणि आळ्या: इथे रेंगाळा

धनजी नाका, राधाकृष्ण नाका, गोखले नाका, राम आळी. नाक्यांवर चालणारं शहर आहे हे. पत्ता विचारलात तर कुणी रस्त्याचं नाव सांगणार नाही, ‘गोखले नाक्यावरून वर’ असंच सांगेल. म्हणून नकाशातल्या निळ्या ठिपक्यापेक्षा नाक्याची नावं तोंडपाठ ठेवा. रस्ते अरुंद, पदपथ नावाला, दुचाक्या अंगावर येणाऱ्या. एका ओळीत चाला.

या पट्ट्यात बघायच्या तीन जागा मला शहरातल्या सगळ्यात मोलाच्या वाटतात आणि तिन्हींना मिळून पर्यटक किल्ल्याइतकाही वेळ देत नाहीत.

पहिली पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही अशी अट होती, तेव्हा त्यांनी जातिभेदाविरुद्ध काम उभं केलं: शाळांतून मुलांना एकत्र बसवणं, सहभोजनं, देवळांतला प्रवेश. मूळचे रत्नागिरीचेच, अतिशय गरिबीतून मुंबईत मोठे कंत्राटदार झालेले भागोजीशेठ कीर यांनी पैसा दिला आणि १९३१ साली सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं. सावरकरांच्या इतर विचारांबद्दल तुमचं मत काहीही असो, हे मंदिर कोणत्या काळात बांधलं गेलं ते लक्षात घेऊन आत जा. त्याआधी १९२१ पासून काही काळ सावरकर इथल्या तुरुंगात होते. ती कोठडी आता स्मारक आहे, पण तुरुंग चालू असल्याने आत जाण्याचे नियम असतात. एका दिवसाच्या फेरीत तो नाद सोडलेला बरा.

दुसरी, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. २३ जुलै १८५६ ला इथे त्यांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली होईपर्यंत बाळ टिळक याच शहरात वाढले. म्हणजे वयाची पहिली दहा वर्षं. आतल्या तसबिरी वाचाच, पण मला इथे घर जास्त आवडतं: जांभ्याच्या भिंती, कौलारू उतरतं छप्पर, आत शिरताच जाणवणारा गारवा. कोकणातलं जुनं घर आतून कसं असायचं हे आज शहरात शिरून दाखवायला दुसरी जागा शोधावी लागते. अकराच्या उन्हातून आत जा, मग कळेल.

तिसरी, जिल्हा नगर वाचनालय. १८२८ सालचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. ब्रिटिश अंमल येऊन पुरती दहा वर्षं झाली होती तेव्हा या बंदरगावात वाचनालय निघालं. ते चालतं वाचनालय आहे, तेव्हा आत मोठ्याने बोलू नका. दुपारी बंद व्हायच्या आत पोचा.

आजीआजोबा बरोबर असतील तर किल्ला आणि मिरकरवाडा गाळा. मांडवीपर्यंत रिक्षा, मग रिक्षानेच टिळक आळी, आणि दुपारनंतर राजवाडा. तीन ठिकाणं, चालणं दीड-दोन किलोमीटर.

जेवण आणि दुपारची झोप

एक वाजता बाजार डोळे मिटायला लागतो. दुकानांची फळकुटं अर्धी पडतात आणि चारपर्यंत शहर आडवं होतं. यावर चिडू नका, तुम्हीही तेच करा.

मांसाहारी असाल तर माशाची थाळी: तळलेला बांगडा किंवा सुरमई, आमटी, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. पापलेटचा हट्ट धरू नका, महाग पडतं आणि ताजा बांगडा चवीला त्याच्या वर आहे. आज काय ताजं आलंय ते वाढणाऱ्यालाच विचारा. शाकाहारी खाणावळीत कुळथाचं पिठलं, बिरड्याची उसळ किंवा हंगामात फणसाची भाजी मिळाली तर नशीब समजा. उकडीचे मोदक काही ठिकाणी सांगून ठेवावे लागतात, तेव्हा सकाळीच फिरताना चौकशी करा. श्रावणात किंवा गणपतीच्या दिवसांत माशाच्या खाणावळी सुन्या असतात. मग गर्दी शाकाहारी ठिकाणी, आणि साडेबाराच्या आत बसलात तरच निभाव लागतो.

जेवणानंतर तासभर कुठेतरी सावलीत टेका. कोकम सरबत प्या.

दुपारनंतर: थिबा राजवाडा

आता दुसरी रिक्षा. पायाने हा चढ जेवणावर चढू नका.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत करून आधी मद्रासला व मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद, म्हणजे राजाला विसरायला लावण्यासाठी इतकी चांगली जागा नव्हती. दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं, इथे उलटी पाठवणी. बरीच वर्षं राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. हा वाडा १९१० च्या सुमारास तयार झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला, म्हणजे स्वतःच्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं होता. राणी सुपायालत १९१९ मध्ये परत गेली. राजाचे अवशेष अजून रत्नागिरीतच आहेत, शिवाजीनगर भागात त्याची समाधी आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

वाडा लाल जांभ्याचा, लाकडी कामाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा. संग्रहालय पाचला बंद होतं असं धरून साडेतीनपर्यंत पोचा. आधी वरचा मजला बघा आणि खिडकीतून खाडीच्या दिशेला बघा, राजाला रोज काय दिसत होतं ते समजतं. समाधी बघायची असेल तर राजवाड्यातून निघतानाच रिक्षा करा, चालत दोन्ही जमणार नाही.

संध्याकाळ: दोनपैकी एक

राजवाड्यापासून थिबा पॉइंट जवळ आहे. तिथून काजळी नदीचं मुख, भाट्याचा पूल आणि पलीकडची पुळण एकदम दिसते. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, मे अखेरीस सातच्या. पाय दमले असतील तर इथेच थांबा आणि मग उतारावरून चालत जयस्तंभाकडे या.

पायांत जोर असेल आणि पंचांगाप्रमाणे ओहोटी असेल तर थिबा पॉइंट दहा मिनिटांत उरका आणि रिक्षाने राजीवड्यापर्यंत उतरा. तिथून भाट्याचा पूल चालत ओलांडायचा. पुलावर वाहनं जोरात असतात, कडेने चाला. पलीकडे सुरूच्या बनाकडून पुळणीवर उतरा. जवळच नारळ संशोधन केंद्र आहे आणि पुढे झरीविनायकाचं देऊळ. पोहायला जाऊ नका. खाडीच्या मुखाशी ओढ फसवी असते, पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पायाखालची वाळू सरकते. दिवेलागणीनंतर पूल पुन्हा चालत येऊ नका, बस किंवा रिक्षा घ्या.

खरेदी शेवटी, बाजार चारनंतर पुन्हा उघडलेला असतो. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, कुळीथ पीठ, काजू. आंबापोळी घेताना पाकिटावरची तारीख बघा आणि साखर किती आहे ते वाचा. हापूसच्या पेट्या स्टँडवर घाईत घेऊ नका. वास देठाकडून घ्या, आणि ‘देवगड’ व ‘रत्नागिरी’ यावर विक्रेत्याशी वाद घालू नका, गाडी चुकेल.

परतीच्या एस.टी.ची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. आडमार्गाच्या गावांना जाणाऱ्या शेवटच्या गाड्या बऱ्याच लवकर सुटतात. रेल्वे असेल तर शहरातून स्टेशनला निघायला गाडीच्या आधी पाऊण तास धरा. रात्री उशिरा शहर बस मिळेलच असं नाही, म्हणून दुपारच्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवलेला असला म्हणजे झालं.